परिचारिका : वाङ्मयांतील आणि वेतनपत्रकांतील

दर वर्षीं मे महिन्याच्या १२ तारखेस आमच्या वृत्तपत्रांतून एक चित्र हटकून छापलें जातें. अंधाऱ्या दालनांत खाटांची रांग, आणि हातांत दिवा घेतलेली एक स्त्री. खालीं चार-दोन ओळींत त्याग, करुणा, मातृहृदय वगैरे शब्दांची पखरण असते. एखाद्या वर्षीं त्याच अंकाच्या आंतल्या पानावर एक लहानशी बातमीहि असते कीं, अमुक ठिकाणच्या परिचारिकांनीं पगारासाठीं काम बंद ठेविलें. पहिल्या पानावरील चित्र व आंतील बातमी यांचा परस्परांशीं कांहीं संबंध असेल असें संपादकांस वाटत नाहीं, आणि वाचकांसहि वाटत नाहीं. आमचें म्हणणें असें कीं, संबंध आहे, व तो फार जुना आहे. परिचारिकेस काय द्यावें हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञांचा किंवा कामगार-न्यायालयाचा, असें आपण समजतों. परंतु तिनें काय मागितलें असतां शोभतें व काय मागितलें असतां शोभत नाहीं, हें वाङ्मयानें आधींच ठरवून ठेविलेलें आहे. तेव्हां वाङ्मयाच्या टीकाकारानें या प्रकरणांत तोंड घातल्यास तें अस्थानीं होईल असें आम्हांस वाटत नाहीं.

इंग्रजी वाङ्मयांत दोन परिचारिका अजरामर झाल्या आहेत. पहिली डिकन्सची मिसेस गॅंप. ‘मार्टिन चझलविट’ ही कादंबरी १८४३-४४ या सालांत भागशः प्रसिद्ध झाली, आणि ही जाडी, मद्यप्रिय, बडबडी बाई मूळ नायकास बाजूला सारून वाचकांच्या मनांत ठाण मांडून बसली; इतकी कीं, तिच्या ढगळ छत्रीमुळें पुढें इंग्रजींत छत्रीलाच तिचें नांव पडलें. तापानें फणफणलेल्या एका तरुणाच्या उशाशीं ती रात्रपाळीस येते. दिवसपाळीची तिची सोबतीण बेट्सी प्रिग जातां जातां तिला सल्ला देते कीं, खुर्ची तितकीशी मऊ नाहीं, तेव्हां रोग्याची उशी काढून घे. हा प्रसंग वाचून हंसूं येणार नाहीं असा वाचक विरळा. गरिबांच्या आजारपणांत भाड्यानें मिळणारी बाई अशीच असे, असें डिकन्सनें पुढें एका आवृत्तीच्या प्रस्तावनेंत आपल्या समर्थनार्थ म्हटलें आहे, आणि तें खरेंहि असेल. परंतु या विनोदाच्या भरांत एक गोष्ट नजरेआड होते. गॅंपबाईच्या तोंडीं तिचें दरपत्रक आहे : कष्टकरी लोकांस दिवसाला अठरा पेन्स, थोरामोठ्यांस साडेतीन शिलिंग, आणि रात्रीच्या जागरणाचे पैसे निराळे. हें दरपत्रक ती स्वतःच्या नांवावर सांगत नाहीं. मिसेस हॅरिस नांवाची तिची एक मैत्रीण आहे, तिनें आपली अशी अशी वाखाणणी केली म्हणून सांगते. आणि ही मैत्रीण तर जगांत कोठेंच नाहीं! विनोदाची मेख येथें आहे, व विनोदाखालचें दुःखहि येथेंच आहे. आपल्या कामाची योग्यता सांगणारें एकहि जिवंत माणूस जिला सबंध लंडन शहरांत मिळत नाहीं, ती एक माणूस कल्पनेनें निर्माण करते आणि त्याच्या तोंडून आपला दर ठरवून घेते.

त्याच १८४३ सालीं ‘ख्रिसमस कॅरल’मध्यें डिकन्सनें बॉब क्रॅचिट नांवाच्या कारकुनाचा आठवड्याचा पंधरा शिलिंग पगार सांगितला, आणि वाचकांच्या डोळ्यांत पाणी उभें केलें. गॅंपबाईस कष्टकऱ्यांच्या घरीं सातहि दिवस काम मिळालें, तरी तिच्या हातीं साडेदहा शिलिंग पडतात. हा हिशेब करण्याचें मात्र कोणास सुचत नाहीं. कारकुनाचा पगार ऐकून रडावयाचें आणि परिचारिकेचा दर ऐकून हंसावयाचें, असा हा न्याय आहे. दीनांच्या या थोर कैवाऱ्यानें येथें क्षणभर थांबावयास हवें होतें.

दुसरी परिचारिका इतिहासांतून वाङ्मयांत आलेली. १८५४ च्या ऑक्टोबरांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ स्त्रियांना घेऊन तुर्कस्तानांतील स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयाकडे निघाली. तीन वर्षांनीं, १८५७ त, अमेरिकन कवि लॉंगफेलो यानें ‘सांता फिलोमेना’ ही कविता तिच्यावर लिहिली, आणि दिवाधारिणीची मूर्ति कायमची घडली गेली. या ३८ जणींपैकीं २४ धर्मसंस्थांच्या आश्रयांतून आलेल्या होत्या, पण उरलेल्या १४ रुग्णालयांत पगारावर राबणाऱ्या सामान्य परिचारिका होत्या. त्यांच्याशीं लेखी करार झालेला होता : आठवड्यास १२ ते १४ शिलिंग, राहण्या-जेवण्याची सोय, गणवेष, आणि वर्तन चांगलें राहिल्यास पुढें वाढ. म्हणजे ज्या मोहिमेस आपण निरपेक्ष सेवेचा उगम मानतों, तिच्या कागदपत्रांत सेवाशर्ती अगदीं पहिल्या दिवसापासून आहेत. कवितेंत त्या नाहींत. त्या असाव्यात अशी आमची मागणीहि नाहीं. करारनाम्यावर कोणी काव्य करीत नाहीं. परंतु दिवा जिच्या हातांत होता तिची गोष्ट निराळी होती, हें काव्यरसिकांनीं विसरूं नये. १८५३ सालीं लंडनमधील आजारी स्त्रियांच्या एका संस्थेची देखरेख नाइटिंगेलबाईंनीं विनावेतन पत्करली, कारण त्यांच्या वडिलांनीं त्यांना वर्षाला पांचशें पौंडांची नेमणूक बांधून दिली होती. करारावर आलेल्या परिचारिकेचें वर्षाचें वेतन पस्तीस पौंडांच्या आसपास होतें. जिला वेतनाची गरजच नव्हती ती जिला वेतनावांचून गत्यंतर नाहीं तिचा आदर्श ठरली, आणि आदर्शाची तुलना तेवढी उरून नेमणुकीची बाब गळून पडली.

यांत नाइटिंगेलबाईंस सर्वस्वीं दोष देणें अन्यायाचें होईल. १८६० त त्यांच्या नांवानें सुरू झालेल्या विद्यालयांत शिकाऊ मुलींस राहण्या-जेवण्याशिवाय वर्षाला दहा पौंड मिळत. त्यांच्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या पुस्तकाच्या शेवटीं तर त्यांनीं एका गोड समजुतीची चांगलीच खरडपट्टी काढली आहे. प्रेमभंग झाला, संसार लाभला नाहीं, दुसरें कांहीं जमेना, म्हणजे स्त्री आपोआप उत्तम परिचारिका होते, ही ती समजूत. ही चीड ज्या लेखणींतून उतरली तीच लेखणी पुढें, परिचारिकांची सरकारी नोंदणी व्हावी या चळवळीच्या विरुद्ध मात्र चालली. परीक्षेच्या दाखल्यानें शील मोजतां येत नाहीं, असा त्यांचा आक्षेप होता. आक्षेप उदात्त आहे. परंतु शीलावर घर चालत नाहीं, दाखल्यावर चालतें. इंग्लंडांत नोंदणीचा कायदा १९१९ सालीं झाला, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनीं.

आतां आपल्याकडे वळूं. चरकसंहितेंत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत, त्यांत वैद्य व औषध यांच्या बरोबरीनें परिचारकास स्वतंत्र स्थान आहे. आणि त्याच्या गुणांत उपचारांचें ज्ञान हें पहिलें, दक्षता दुसरी, आणि अनुराग तिसरा. पुढच्या काळानें हा क्रम फिरविला. अनुराग पहिल्या जागीं जाऊन बसला आणि ज्ञान कोठें गेलें तें कळेना. मराठी भाषेनें या कामीं जी मदत केली ती पाहण्यासारखी आहे. ‘सेवा’ या शब्दाचे आपल्याकडे दोन संसार आहेत. मामलेदाराची सेवा म्हणजे नोकरी : तिच्यांत सेवाज्येष्ठता असते, सेवापुस्तक असतें, सेवानिवृत्ति असते, आणि तिचें वेतन मागण्यांत कोणास कमीपणा वाटत नाहीं. परिचारिकेची सेवा म्हणजे पुण्य. शब्द एकच, पण एकाचा मोबदला दरमहा आणि दुसऱ्याचा परलोकीं! महाराष्ट्रांतील सरकारी रुग्णालयांतील हुद्देच पाहा. परिचारिका चढत चढत परिसेविका होते, आणि शेवटीं अधिसेविका होते. त्याच इमारतींत डॉक्टर चढत चढत अधिष्ठाता होतो. एकाच्या नांवांत अधिष्ठान वाढतें, दुसरीच्या नांवांत सेवा. (आम्हां प्राध्यापकांच्या ‘विद्यादाना’चेंहि असेंच आहे, तासिकांच्या हिशेबानें राबणाऱ्या तरुण सहकाऱ्यांस दानाचें महत्त्व पटवून देण्याचें काम बहुधा कायम नोकरीतल्या मंडळींकडे असतें. असो.)

तथापि ‘सेवा’ शब्दावर नुसता राग धरून चालणार नाहीं, कारण एके काळीं त्यानें फार मोठी कामगिरी केलेली आहे. १९०९ सालीं रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं पुण्याचें सेवासदन उभें राहिलें, आणि पुढें ससून रुग्णालयांत हिंदु स्त्रियांस परिचर्येचें शिक्षण मिळण्याची सोय त्या संस्थेनें केली. त्या काळचें पुणें डोळ्यांपुढें आणावें. परपुरुषाच्या अंगास हात लावावयाचा, कोणत्याहि जातीच्या रोग्याचें मलमूत्र काढावयाचें, रात्रीं घराबाहेर राहावयाचें. असल्या धंद्यांत घरची विधवा सून पाठविण्यास कोणता सासरा तयार होणार? पैशासाठीं जाते असें म्हटलें असतें तर दार बंद झालें असतें. सेवेसाठीं जाते म्हटल्यावर तें किलकिलें झालें. त्या बाईच्या दृष्टीनें मात्र मुख्य गोष्ट वेतन हीच होती. दिराच्या तुकड्यावर जगण्याऐवजीं स्वतःच्या मिळकतीवर जगतां येणें, याचें मोल ज्यांनीं तसले तुकडे खाल्ले त्यांनाच ठाऊक. म्हणजे ‘सेवा’ हें त्या वेळीं मिळकतीवर घातलेलें पांघरूण होतें, आणि त्या पांघरुणाखालीं एका पिढीला स्वावलंबन शिकतां आलें. आमची तक्रार एवढीच कीं, मिळकत झांकण्यासाठीं घेतलेलें तें पांघरूण आज मिळकत न देण्याच्या कामीं वापरलें जात आहे. आणि आपल्या मध्यमवर्गीय घरांपुरतें बोलावयाचें तर, आजीच्या उशाशीं बसलेल्या सिस्टरचे गोडवे गाणारीं हींच कुटुंबें आपली मुलगी त्या धंद्यांत घालण्यास अजून नाखूषच असतात. ज्या व्यवसायांत आपलें कोणी नाहीं, त्याच्या पगाराची चौकशी आपण करीत नाहीं.

चित्रपटानें या प्रकरणांत जी भर घातली तिचा उल्लेख न करणें बरें नव्हे. आशुतोष मुखोपाध्याय यांच्या कथेवरून असित सेन यांनीं १९५९ सालीं बंगालींत ‘दीप ज्वेले जाइ’ हा चित्रपट काढला, व सुमारें दहा वर्षांनीं हिंदींत त्याचाच ‘खामोशी’ केला. (नांवांतहि दिवा आहेच!) मानसिक रुग्णालयांतील एका परिचारिकेवर अशी कामगिरी सोंपविली जाते कीं, तिनें रोग्यावर प्रेम करण्याची भूमिका वठवावी व त्याला बरें करावें. ती खरोखरच प्रेमांत पडते. रोगी बरा होऊन निघून जातो. पुढें तशीच कामगिरी पुन्हां येते, ती नको म्हणते, आणि तरी ती तिच्याच गळ्यांत पडते. शेवटीं त्याच रुग्णालयांत ती रोगी होऊन दाखल होते. वहिदा रहमान यांचा अभिनय पाहून आमच्या पिढीनें यथेच्छ अश्रु ढाळले. पण एका नोकराकडून मालकानें काय काय मागावें, नाहीं म्हणण्याचा तिला अधिकार आहे कीं नाहीं, आणि कामामुळें प्रकृति ढासळल्यास तिची जबाबदारी कोणाची, हे प्रश्न त्या कथेच्या पोटांत स्वच्छ दिसत असतांहि आपण त्या कथेस केवळ प्रेमकथा म्हणून वाचलें. कारखान्यांत यंत्रानें बोट तुटलें तर भरपाईचा प्रश्न उत्पन्न होतो. येथें मन तुटलें, तेव्हां संगीत सुरू झालें.

असेंच वाचन आपण एका खऱ्या घटनेचें केलें. २७ नोव्हेंबर १९७३ या दिवशीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर तेथील एका सफाई-कर्मचाऱ्यानें अमानुष हल्ला केला. त्यानंतर ४२ वर्षें, १८ मे २०१५ रोजीं मृत्यु येईपर्यंत, त्या त्याच रुग्णालयांत पडून होत्या, आणि परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनीं त्यांची शुश्रूषा केली. ७ मार्च २०११ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानें या परिचारिकांचा मुक्तकंठानें गौरव केला आहे, आणि तो अक्षरशः सार्थ आहे. पण या कथेंतील एक तपशील आपल्या स्मरणांतून निसटला. काम संपवून घरीं जाण्यापूर्वीं कपडे बदलण्यासाठीं त्या तळघरांत गेल्या असतांना हा हल्ला झाला. शेंकडों स्त्रिया जेथें रात्रंदिवस काम करतात तेथें कपडे बदलण्यास सुरक्षित खोली असणें ही सेवाशर्त आहे. हें त्यांच्या सहकारिणींस तेव्हांच कळलें होतें. अरुणाबाईंच्या शुश्रूषेबरोबरच स्वतःच्या कामाच्या स्थितीसाठीं त्यांनीं संप केला होता. आपण त्यांची शुश्रूषा लक्षांत ठेविली आणि संप विसरलों. ऑगस्ट २०२४ मध्यें कोलकात्याच्या एका सरकारी रुग्णालयांत एका तरुण डॉक्टर स्त्रीची हत्या झाली, तेव्हां सर्वोच्च न्यायालयास विश्रांतीच्या खोल्यांचा प्रश्न पुन्हां हातीं घ्यावा लागला. मध्यें पन्नास वर्षें गेलीं होतीं.

वेतनाविषयीं सरकारी कागद थोडे नाहींत. १९४६ चा भोर समितीचा अहवाल आहे. परिचारिकांच्या सेवाशर्तींसाठीं मुद्दाम नेमलेली १९५४ ची शेट्टी समिति आहे. १९८९ चा उच्चाधिकार समितीचा अहवाल आहे. यांची वाट अडगळीच्या खोलीकडे गेली, म्हणून त्यांवर अधिक लिहीत नाहीं. परंतु २०१६ च्या कागदाकडे मात्र टीकाकारानें बारकाईनें पाहावें. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें २९ जानेवारी २०१६ रोजीं केंद्र सरकारला समिति नेमण्यास सांगितलें, आणि समितीनें खाजगी रुग्णालयांसाठीं असें सुचविलें : २०० हून अधिक खाटा असल्यास सरकारी परिचारिकेइतकें वेतन, १०० हून अधिक असल्यास त्याहून फार तर दहा टक्के कमी, ५० ते १०० असल्यास फार तर पंचवीस टक्के कमी, आणि ५० हून कमी असल्यास दरमहा निदान २०,००० रुपये. कामाचे तास, रजा, वाहन, निवास यांबाबत सरकारी परिचारिकेच्या तोडीच्या सोयी असाव्यात, असेंहि तींत आहे.

हा कागद पूर्वींच्या सर्वांहून चांगला आहे, हें प्रथम सांगितलें पाहिजे. प्रशंसेचा एकहि शब्द न वापरतां तो आंकडे बोलतो. तरी पण त्यांतील तत्त्व कोणतें? वेतन खाटांवर ठरावयाचें. खाटांच्या संख्येवरून मालकाची ऐपत कळते. परिचारिकेचें काम कळत नाहीं. तालुक्याच्या गांवीं तीस खाटांच्या रुग्णालयांत रात्रीं एकटी असलेली परिचारिका सलाइन लावते, बाळंतीण सांभाळते, अपघाताचा रोगी आला तर डॉक्टर येईपर्यंत त्याचा जीव धरून ठेवते, आणि नातेवाइकांच्या शिव्याहि तीच खाते. मोठ्या रुग्णालयांत ही कामें दहा जणींत वांटलेलीं असतात. मग कमी वेतन कोणास मिळावें? कष्टकऱ्यांस अठरा पेन्स, थोरामोठ्यांस साडेतीन शिलिंग. देणाराची थैली पाहून दर, काम पाहून नव्हे. पावणेदोनशें वर्षांनंतर समितीनें गॅंपबाईचेंच दरपत्रक पुढें ठेविलें, आणि तेंहि तिचें शेवटचें कलम गाळून. रात्रीच्या जागरणाचे पैसे निराळे, हें तिनें तरी सांगितलें होतें.

शिवाय सुचविणें म्हणजे बांधणें नव्हे. आरोग्य हा विषय राज्यांचा, म्हणून या सूचना राज्यांकडे गेल्या. केरळानें २०१८ च्या एप्रिलांत किमान वेतनाची अधिसूचना काढून २०,००० रुपयांचा पाया घातला, पण तो परिचारिकांनीं संप करून व पुन्हां रस्त्यावर उतरण्याची तयारी दाखवून मिळविलेला आहे. वेतनाहूनहि बिकट गोष्ट नोकरीच्या शाश्वतीची. आज परिचारिकेस कामावर घेतांना बाँड लिहून घेणारीं व तिचीं मूळ प्रमाणपत्रें कपाटांत ठेवून घेणारीं खाजगी रुग्णालयें आहेत. नोंदणी व्हावी म्हणून एका पिढीनें तीस वर्षें झगडून जो दाखला मिळविला, तो तिच्याच पायांतली बेडी झाला. सरकारी बाजूसहि वारें त्याच दिशेनें वाहतें. २०२० हें जागतिक आरोग्य संघटनेनें परिचारिकांचें वर्ष म्हणून जाहीर केलें होतें, नाइटिंगेलबाईंच्या जन्मास दोनशें वर्षें झालीं म्हणून. त्याच वर्षीं साथ आली. ३ मे रोजीं हेलिकॉप्टरांतून रुग्णालयांवर फुलें उधळण्यांत आलीं. आणि त्याच महिन्यांत कोलकात्याच्या खाजगी रुग्णालयांतील शेंकडों परिचारिका नोकऱ्या सोडून मणिपूर व इतर ठिकाणीं आपापल्या घरीं परतल्या. दोन वर्षांनीं, मे २०२२ मध्यें, महाराष्ट्रांतील सरकारी परिचारिकांनीं काम बंद ठेविलें, कारण पुढील भरती खाजगी संस्थेमार्फत कंत्राटानें करण्याचें सरकारनें योजिलें होतें. अशा वेळीं ‘अत्यावश्यक सेवा’ हे शब्द कायद्याच्या पुस्तकांतून बाहेर येतात. जी सेवा इतकी अत्यावश्यक कीं ती एक दिवस थांबतां कामा नये, ती अकरा महिन्यांच्या कागदावर कशी चालते, याचें उत्तर आम्हांस त्या पुस्तकांत सांपडत नाहीं.

आमच्या एका स्नेह्यांचें म्हणणें असें कीं, पगाराची अशी घासाघीस सुरू झाली म्हणजे या व्यवसायांतली माया आटेल. हे गृहस्थ स्वतः निवृत्त न्यायाधीश आहेत. त्यांच्या वेतनामुळें न्यायबुद्धि आटली असें त्यांनीं कधीं म्हटल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. माया आटते ती निराळ्या कारणानें. सलग बारा तास उभें राहून, एका वॉर्डांत तिघींचें काम एकटीनें करून, घरीं जाऊन स्वयंपाकास लागणारी बाई पहाटे पांच वाजतां रोग्याच्या हांकेस चटकन् उठली नाहीं, तर आपण म्हणतों, सिस्टर चिडखोर आहे. बेट्सी प्रिगनें खुर्चीवर घेण्यासाठीं उशी कां सुचविली, हें आम्ही वर्गांत शिकवितों तेव्हां मुलें हंसतात. त्यांत एखादी मुलगी असते, जिची आई परिचारिका आहे. ती हंसत नाहीं, ती विचारते कीं, रात्रभर बसावयाची ती खुर्ची कशी होती.